केवडा पडलेलं झाड

मी मैंदर्गी सोडली त्या सकाळी अव्वा, माझी आई, एसटीपर्यंत आली नाही. ती दुसऱ्याच्या भुईमुगात खुरपायला गेली होती. एक दिवस चुकवला तर तिच्या ओळीवर दुसरी बाई उभी करतात, म्हणून तिला येता आलं नाही, आणि मीही 'ये' म्हटलं नाही. अप्पा आडतीत पोती उचलतात. त्यांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली, तिला दोरी आवळली आणि खाली उतरून एवढंच म्हणाले, "शिकून ये. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नगं." गाडी गावाबाहेर पडली तेव्हा डाव्या हाताच्या रानात बायकांची ओळ वाकलेली दिसली. त्यातली एक सरळ उभी राहिली. तिनं हात हलवला नाही, हातात खुरपं होतं. ती नुसती उभी राहिली, आणि गाडी वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले.

ते साल चौऱ्याहत्तर. आता मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींना वाटेल, ही शहरात जाऊन तिथल्यांची उणीदुणी काढते. ज्या माझ्यासारख्या पेटी घेऊन बाहेर पडल्या, त्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल. मी दोन्हीकडच्यांसाठी लिहिते आहे. यात राग आहे. तो मला नीट मांडता येईल का, माहीत नाही, पण लपवणार नाही.

सोलापुरात मला एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. जुना दगडी बंगला, पुढे मोठं कंपाउंड, आम्ही अठरा मुली. रेक्टरना सगळ्या 'बाई' म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, घरी काय करतात. आई रानात कामाला जाते म्हटल्यावर, "मग बाग तुझ्याकडे," असं त्यांनी ठरवून टाकलं. इतर मुलींना जेवणघराच्या पाळ्या, मला बाग. मला त्यात काही खटकलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी अव्वानं सांगितलं होतं, "ज्येंच्या दारात जेवशील, त्येंच्या दारात रिकामी बसू नगंस." शिवाय कॉलेजात इंग्रजीच्या तासाला मला काही म्हणता काही कळत नसे. विळा-खुरपं हातात आलं की मी कुणीतरी असायची.

फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी चार झुडपं होती. बाईंनी ती बंगलोरच्या एका नर्सरीतून आणली होती. त्यांचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं 'सोनेरी' म्हणायचो. कमरेएवढी उंची आणि बारा महिने पिवळीधमक पानं. पानगळ नाही, मरगळ नाही. एप्रिलमध्ये सगळं सोलापूर धुळीनं करडं झालेलं असायचं, आणि त्या फाटकात ही चार झाडं दिवे लावल्यासारखी उभी. रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून बघायचे. ती सुंदर होती, हे मी कबूल करते.

त्यांची निगा बाईंनी मला स्वतः शिकवली, आणि चांगली शिकवली. सकाळचं ऊन भरपूर हवं, नाहीतर पिवळा रंग मळकट होतो. दुपारचं ऊन मात्र नको, पानांच्या कडा करपतात, म्हणून मार्चपासून पश्चिमेला बांबूवर गोणपाट बांधायचं. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून खड्ड्यात वाळू आणि पालापाचोळ्याचं खत घालायचं. पाणी सकाळी, बुंध्याशी. पानांवर शिंपडलं तर इथल्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात. झुडूप भरगच्च व्हावं म्हणून शेंडे खुडायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधूनच एखादा हिरव्या पानांचा फुटवा येतो, तो दिसला की बुडातून कापायचा. बाई म्हणायच्या, "हिरवं जोरात वाढतं. ठेवलंस तर दोन वर्षांत सगळं झाड हिरवं होईल. मग त्यात आणि रानातल्या झुडपात फरक काय?"

पहिला हिरवा फुटवा कापताना माझा हात अडला होता. आमच्याकडे सगळं उलटं. ज्वारी-बाजरीच्या रानात पान पिवळं दिसलं की केवडा पडला म्हणतात. हा पिकाचा रोग. ताट, म्हणजे उभं रोप, पिवळं, पांढुरकं पडतं आणि त्याला धड कणीस धरत नाही. असं ताट दिसलं की उपटायचं आणि बांधावर नेऊन जाळायचं, नाहीतर शेजारच्या ताटांवर जातो. लहानपणापासून मी अव्वाच्या मागून ओळीत चालत पिवळं शोधलं होतं. आता हिरवं शोधायला शिकले. महिन्याभरात त्याची सवय झाली, आणि आपण काहीतरी नवं शिकलो याचा आनंदही झाला. दिवाळीत घरी गेले तेव्हा मी तोऱ्यात सांगितलं की बाईंची चार झाडं माझ्या ताब्यात आहेत, त्यांचं बरं-वाईट माझ्यावर. ती झाडं पिवळी असतात आणि पिवळीच ठेवायची असतात, हे मात्र सांगायचं राहिलं. मला ते आता इतकं साधं वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत गावातल्या बायका संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला निघाल्या, त्यांच्याबरोबर अव्वा आली. बाकीच्या देवळाकडे गेल्या. ती एकटी विचारत विचारत वसतिगृहावर पोचली, डोक्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं घेऊन. मी कॉलेजात प्रॅक्टिकलला होते. रखवालदार मामांनी तिला आत घेतलं, पायरीवर बसा म्हणाले आणि आत जाऊन बाईंना वर्दी दिली. बाईंनी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला. हे मला मामांनीच नंतर सांगितलं. अव्वा तिथं दोन तास होती. तिला आतून कुणी पाणी विचारलं नाही.

रिकामं बसणं तिला येत नाही. समोर तिच्या लेकीची चार झाडं, आणि चारही केवड्यानं गेलेली. परीक्षेमुळे मी दोन आठवडे हिरवे फुटवे कापले नव्हते, तेवढे तिला धड दिसले. नळापाशी माझा विळा होता. मामांना वाटलं, मीच तिला काम सांगून ठेवलं असेल.

मी फाटकातून आत आले तेव्हा धूर दिसला. कोपऱ्यात पिवळ्या पानांचा ढीग होता, ओली पानं पेटत नव्हती, नुसती धुमसत होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना काटक्या उरल्या होत्या आणि प्रत्येक काटकीवर चार-दोन हिरवे फुटवे. अव्वाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मला बघून तिनं आधी नेहमीसारखं कन्नडात विचारलं, "ऊटा आतेन?" जेवलीस का? मग विळ्यानं झाडाकडे दाखवलं.

"आगं, केवडा पडलाय की झाडास्नी. दिसला न्हाय व्हय तुला? पुस्तकं वाचून डोळं गेलं का काय? बाईंनी बगितलं असतं म्हंजे तुलाच बोलल्या असत्या. समदं काढलं म्या. हिरवं ठिवलंय, त्येच्यावर झाड येतंय बग."

मी काही बोलायच्या आत बाई बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चारही झाडांकडे बघितलं आणि मला आत बोलावलं. बारा दिवसांवर सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदनाला संस्थेची मंडळी यायची, त्यांना ही बाग दाखवायची होती. "आठ वर्षं वाढवली होती मी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. ते दुःख खरं होतं. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. मी माफी मागितली. म्हटलं, चूक माझी, मी तिला सांगायला हवं होतं. पण माझी माफी त्यांना नको होती. "तुझ्या आईची हवी, लेखी. मंडळींना मी काय दाखवू? तेवढं होत नसेल तर जूनपासून ही जागा दुसऱ्या मुलीला जाईल."

कागद त्यांनीच दिला. मजकूरही त्यांनीच सांगितला, कॉलेजातल्या डिक्टेशनसारखा, थांबत थांबत. मी अशिक्षित असून माझ्या अज्ञानामुळे व अडाणीपणामुळे माझ्या हातून वसतिगृहाच्या मौल्यवान झाडांची नासधूस झाली. यापुढे मी परवानगीशिवाय कशालाही हात लावणार नाही. झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागते. मी लिहून काढलं. माझं अक्षर चांगलं आहे. आमच्या घरात लिहिता येणारी मी पहिली, आणि अव्वाच्या नावानं मी आयुष्यात पहिल्यांदा जे लिहिलं ते हे.

बाईंनी शाईचा पॅड बाहेर पायरीवर आणला. अव्वानं हात पदराला पुसले आणि मला हळूच विचारलं, "एन् अदु?" काय आहे ते? मी तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हटलं, भेटायला आलेल्यांची नोंद असते अव्वा, इथला नियम आहे. तिनं अंगठा या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट फिरवून, दाबून उठवला. नोंद चांगली व्हावी म्हणून. मग बाईंकडे वळून म्हणाली, "बुडात राख टाका बाई थोडी. पंधरा दिसांत हिरवंगार हुतंय बगा. काळजी करू नगा." बाईंनी कागदावर फुंकर घालून ठसा वाळवला. तिला वाटलं, बाईंना बरं वाटलं. गाठोडं माझ्या हातात देऊन ती जत्रेकडे गेली, खुशीत.

सव्वीस जानेवारीला तो कागद चहाबरोबर फिरला. बाईंनी सगळी हकिगत रंगवून सांगितली. त्या दिवशी रडल्या होत्या, आता हसत होत्या. एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे सोनं काढून तण राखलं म्हणा की." सगळे हसले. कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला, कुणीतरी अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून शेजारच्याला दाखवलं. मी कपबशा धरून उभी होते. आणि मीही हसले. फार नाही, थोडंसंच. सगळे हसत असताना माणूस हसतो तितकं.

नंतर मी आमच्या बॉटनीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पिवळं पान हा त्या जातीचा गुण आहे, रोग नव्हे. पण त्या पानात हिरवं द्रव्य कमी, म्हणून ते झाडाला अन्न कमी पुरवतं. हिरवा फुटवा जास्त पुरवतो, म्हणून तो वरचढ होतो. माणसानं कापत राहावं लागतं, तेव्हा झाड सोनेरी राहतं. मी त्या उत्तरावर पुष्कळ विचार केला. बाईंना जात माहीत होती, अव्वाला पान माहीत होतं. दोघींना अर्धं अर्धं ठाऊक होतं, मग अज्ञान एकटीच्या नावावर का लिहिलं गेलं? बाई आठ वर्षं झाड वाढवत होत्या, अव्वा तीस वर्षं पीक राखते आहे. बाईंवर चुकायची वेळ आली असती, एखाद्या रानात शिरून त्यांनी कोवळी ज्वारी गवत समजून उपटली असती, तर आमच्या गावात त्यांच्याकडून अंगठा घेतला असता का? हसले असते लोक, तेही तोंडावर, आणि मग जेवायला बसवलं असतं.

हे सगळं मला सुचत होतं, पण मी बोलत नव्हते. बाईंवरचा राग सोपा होता. त्याच्या खाली दुसरा राग होता, तो मला झोंबत होता, कारण कागदावरचं अक्षर बाईंचं नव्हतं.

मे महिन्यात घरी गेले. अव्वा दारात बसून तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, ती नोंद नव्हती. सगळं सांगितलं, कागद, चहा, माझं हसणंसुद्धा. तिनं सूप थांबवलं नाही. म्हणाली, त्यात लिहिलं होतं तसं म्हणून दाखव. मला ते पाठ होतं. मी म्हणून दाखवलं. 'अडाणीपणामुळे' या शब्दाला ती मान हलवून म्हणाली, "अडाणी हाय की. त्यात काय लबाडी हाय?" मला वाटलं, सुटले. ती थोडा वेळ पाखडत राहिली. मग म्हणाली,

"जागा जाती असं सांगितलं असतंस, तर दोनी हातांचे अंगठे दिले असते म्या. पर म्या दिले असते. तू काडून घेतलास."

मी रडले. तिनं मला उगी केलं नाही. दुपारी भाकरी झाल्यावर स्वतःच म्हणाली, आता मी सांगते तसं लिही, आणि शहाणपणा करून एक शब्द बदलू नकोस. मी वहीचं पान काढलं. तिनं सांगितलं ते असं:

"बाईस्नी नमस्कार. झाडं म्या कापली. माज्या लेकीनं न्हाय. पिवळी हीच त्येंची जात हाय, ते मला ठावं न्हवतं. ती चूक माजी, त्येची माफी मागते. पर अडाणी म्हणून कापली न्हाईत. रोग समजून कापली. तीस वरसं खुरपते, रोग वळखायला येतो मला. दोन तास तुमच्या दारात हुते. तुमी भाईर येऊन एक शबूद बोलला असता, तर झाडं ऱ्हायली असती. हा कागद त्या कागदाला जोडून ठिवा."

मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग तव्याच्या बुडाची काजळी गोड्या तेलात कालवली आणि स्वतः अंगठा उठवला.

जूनमध्ये मी तो कागद बाईंना दिला. त्यांनी उभ्यानं वाचला. खालच्या ओळींवर त्यांची नजर थोडी रेंगाळली, असं मला वाटलं, कदाचित मला वाटायला हवं होतं म्हणून. मग त्यांनी तो परत माझ्यापुढे धरला. असल्या भाषेतला कागद रेकॉर्डला लावता येत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, पहिला लागला होता. आयुष्यात मी कुणा मोठ्या माणसाला दिलेलं ते पहिलं उत्तर. मी कागद घेतला नाही, टेबलावरच राहू दिला. फाइलीत गेला की केराच्या टोपलीत, मला माहीत नाही. आठ दिवसांनी नव्या वर्षाची यादी फाटकावर लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. त्या वेळेपर्यंत वाटेवरची झाडं पुन्हा भरली होती. हिरवं कापायला आता दुसरी मुलगी होती.

तेव्हापासून मी शहराच्या पूर्व भागात एका विणकर कुटुंबाकडे खोली घेऊन राहते. घरात तेलुगू बोलतात. मालकीणबाईंना मी अम्मा म्हणते. दिवसभर मागांची खटखट, सुरुवातीला डोकं उठायचं, आता माग थांबले की अभ्यास होत नाही. सकाळी तासभर मी अम्मांबरोबर कांड्या भरते, म्हणजे चरख्यावर सूत गुंडाळते. पहिल्या दिवशी मी चार कांड्या सैल भरल्या, तेव्हा अम्मांनी त्या उलगडल्या, माझ्या डोक्यात टपली मारली आणि पुन्हा करून दाखवलं. तेवढंच. कुणी कागद आणला नाही.

गेल्या महिन्यात अव्वा या खोलीवर पहिल्यांदा आली. तिनं चप्पल काढायच्या आत अम्मा तांब्या घेऊन बाहेर आल्या, "या अक्का, बसा," म्हणाल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, दोघी आपापलं मराठी मोडून बोलत होत्या. अव्वा चरख्याशेजारी बसली. अम्मा कांड्या भरत होत्या, बोलता बोलता अव्वाच्या पुढ्यातला धागा तुटला. तिचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"हात लावू का गं?"

अव्वानं हे कुणाच्या घरी विचारलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. परक्याच्या चुलीतलं जळण सारणारी, शेजारणीचं रडतं पोर न विचारता उचलणारी बाई ती. मे महिन्यात मी तो कागद तिला शब्दशः म्हणून दाखवला होता. त्यातलं 'परवानगीशिवाय कशालाही हात लावणार नाही' हे एक वाक्य तिनं मनावर घेतलं होतं. अंगठा तिचा होता, म्हणून ते पाळायचं असं तिनं ठरवलं असावं.

अम्मांनी तुटलेला धागा उचलून सरळ तिच्या हातात दिला. अव्वानं तो बोटांवर फिरवून जोडला, गाठ दिसूसुद्धा दिली नाही. अम्मा तेलुगूत काहीतरी कौतुकाचं बोलल्या. अव्वा हसली. पण पुढचा धागा तुटला, तेव्हा तिनं पुन्हा विचारलं.

मैंदर्गीच्या घरात ती असं विचारत नाही. तिथं अजून तिचे हात तिचे आहेत. मला घर म्हणजे आता एवढंच कळतं: जिथं अव्वा विचारणार नाही ते. या खोलीचं तसं घर व्हायला किती दिवस लागतील, मला माहीत नाही. ती येत राहील, अम्मा तिच्या हातात धागा देत राहतील. तोपर्यंत, ज्यांनी तिला विचारायला शिकवलं त्यांना मी माफ करणार नाही. त्यांच्यात मीही आहे.